रविवारची सुट्टी आली कुठून? ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे आणि आजचे बारा तास

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. दुकानं आणि आस्थापनांसाठी नऊचे दहा तास. पाठोपाठ २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे चार नवे कायदे, लागू झाल्या. तेव्हापासून रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, कुठेही शिफ्ट सुटताना चहाच्या टपरीवर उभं राहा, हाच विषय चालू असतो. बारा तासांची ड्युटी आता पक्की का? विकली ऑफ राहणार की जाणार? ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, डबल मिळणार की नाही?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात माझी नोकरी झाली. हजेरी, पंचिंग, ओटीचा हिशोब, सी-ऑफ (सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली सुट्टी), पगारपत्रक, सगळं हातून गेलेलं. त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक हे प्रश्न मला विचारतात. उत्तरं या लेखात पुढे येतीलच. पण त्याआधी एका माणसाची ओळख करून घ्यावी लागेल. कारण आज आपण ज्या गोष्टींवर वाद घालतोय, म्हणजे कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, पगाराची तारीख आणि अपघाताची भरपाई, त्या पाचही त्याने १८८४ साली हजारो कामगारांच्या सह्या घेऊन सरकारपुढे मांडल्या होत्या. आणि तो आपल्या ठाण्यात जन्मलेला होता. ठाण्यात राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, याची मला खरंच काळजी वाटते.

## ठाण्याचा मुलगा, मांडवीचा स्टोअरकीपर

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. पोटापाण्यासाठी ठाण्यात आलेलं. नारायण पाचेक वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढे याच रुळांवरून घाटावरची आणि खानदेशातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत पोचली. कोकणातली बोटीने आली.

शिक्षण ठाण्यात झालं, मॅट्रिकपर्यंत. परिस्थितीमुळे पुढे जाता आलं नाही. आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी, नंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर. या शेवटच्या नोकरीकडे नीट पाहायला हवं. स्टोअरकीपर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा नसतो, पण गिरणीतलं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं. कुणाचं बोट गेलं, कुणाचा पगार अडकला, कोणत्या खात्यात किती लहान पोरं आहेत, हे त्याला कळतं. शिवाय त्याला लिहिता येतं. गिरणीत ज्यांना त्रास होत होता त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट सत्यशोधक समाजाची. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात तो स्थापन केला आणि लोखंडे लवकरच त्यात आले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र १८८० मध्ये लोखंड्यांनी हाती घेतलं आणि मुंबईतून चालवलं. फुले स्वतः मुंबईत येऊन गिरणी कामगारांच्या सभांत बोलले. म्हणजे या चळवळीची मुळं परदेशी पुस्तकांत शोधायची गरज नाही. ज्या विचाराने शेतकऱ्याची आणि शूद्रातिशूद्रांची बाजू घेतली, तोच विचार भोंग्याबरोबर गिरणीत शिरला.

## १८८४ ची गिरणी आतून

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतली. तीस वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला थांबायची. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांच्याही वर जाई. कामगारांच्या घरी घड्याळ नसे. उशीर झाला तर दंड, म्हणून बायाबापड्या पहाटेच्या अंधारात येऊन फाटकाबाहेर बसून राहत.

आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, कधी महिन्यातले एखाद-दोन रविवारही मिळत. पण त्या दिवशीसुद्धा यंत्रं पुसायला-साफ करायला अर्धा दिवस बोलावणं असे. पगार महिन्याचा आणि तोही थकवून. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात कधी मिळतील याचा नेम नाही. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. शिवाय कामावर घेणं आणि काढणं जॉबरच्या हातात होतं. जॉबर म्हणजे माणसं भरणारा मुकादम. त्याच्याशी वाकडं घेतलं की दुसऱ्या दिवशी नाव कापलं.

## कायदा होता की! मग अडचण काय होती?

होता. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईकर सुधारकाने आधीपासून खटपट केली होती. पण हा कायदा होता मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मुलांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. तोही शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू.

मोठ्या माणसाच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्या काळचा तर्क असा की मूल असहाय असतं, म्हणून त्याला कायद्याचं संरक्षण. मोठा माणूस स्वतंत्र आहे, त्याला पटलं तर काम करील, नाही पटलं तर सोडून जाईल. हा तर्क आजही ऐकू येतो. आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीपाशीही मी तो अनेकदा ऐकला आहे.

## पाच मागण्या

कायद्यातल्या उणिवा पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. लोखंड्यांनी संधी ओळखली. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ या दोन दिवशी त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, मागण्या ठरवल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज आयोगाकडे दिला. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन या संघटनेची सुरुवात याच सालापासून मोजतात.

त्या पाच मागण्या आजही वाचाव्यात अशा आहेत. कामगारांना दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय.

पहिल्या मागणीत 'पूर्ण' दिवस मागितला आहे, त्याचं कारण यंत्रं पुसायचा तो अर्धा दिवस. त्याच्या बळावरच मालक म्हणू शकत होते की सुट्टी तर आम्ही देतोच.

तिसरी मागणी मला सगळ्यांत विचारपूर्वक मांडलेली वाटते. सुरुवात घड्याळाने आणि शेवट सूर्याने. पहाटे फाटकाबाहेर ताटकळणं बंद व्हायचं तर सुरुवातीचा काटा पक्का हवा, म्हणून साडेसहा. संध्याकाळी मात्र घड्याळ मालकाचं आणि सूर्य सगळ्यांचा. तो कुणाला मागेपुढे करता येत नाही. अर्थात सूर्यास्ताचा आधार टिकला तो गिरणीत विजेचे दिवे येईपर्यंतच. दिवे आल्यावर दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला आणि १९०५ च्या सुमारास त्यावरून गिरणगावात मोठा असंतोष उसळला. ते पाहायला लोखंडे हयात नव्हते.

पगाराच्या तारखेची मागणी वरवर किरकोळ दिसते. ज्याने पगारपत्रकं केली आहेत तो तसं म्हणणार नाही. पगार दहा दिवस लांबला की कामगार त्या दहा दिवसांचं व्याज भरतो, आणि नोकरी सोडायची झाली तर अडकलेला पगार त्याला सोडू देत नाही. आज वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो.

पाचव्या मागणीला सर्वांत जास्त वेळ लागला. कामगार नुकसानभरपाई कायदा झाला १९२३ मध्ये, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, कायदा १९४८ चा.

## पण चांगला मालक स्वतःहून सुट्टी देऊ शकत नव्हता का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर समजलं की कायदा का लागतो ते कळतं. एखाद्या बाजारपेठेत सगळी दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद असतात. त्या दिवशी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसावर खरेदी ढकलतं, कुणाचंच नुकसान होत नाही. पण एकट्या दुकानदाराने ठरवलं की मी मंगळवारी बंद ठेवणार आणि बाकीची उघडी राहिली, तर त्याचं गिऱ्हाईक शेजारी जातं. चार आठवड्यांत तोही मंगळवारी शटर वर करतो. तो माणूस वाईट नसतो. सगळ्यांना एकच नियम नसेल तर चांगुलपणा परवडत नाही.

गिरण्यांचं तसंच होतं. म्हणून लोखंड्यांनी एकेका मालकाच्या दारात जाण्याऐवजी दोनच ठिकाणी जोर लावला. एक, मालकांची १८७५ मध्ये स्थापन झालेली संघटना, बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन. दोन, सरकार.

## महालक्ष्मी, २४ एप्रिल १८९०

मुलॉक आयोगाच्या अहवालानंतरही कायदा बदलला नाही. लोखंडे थांबले नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रिया तिथे बोलल्या. १८९० सालच्या मुंबईत कष्टकरी बाई दहा हजारांसमोर उभी राहून सुट्टी मागते, यात मला सत्यशोधकांची शिकवण दिसते. त्याच वर्षी लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिकांची सभा भरवून विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार घडवून आणला होता. त्यांच्या लेखी कामगारांचा प्रश्न आणि बायकांचा प्रश्न ही दोन वेगळी खाती नव्हती.

१० जून १८९० रोजी मिलओनर्स असोसिएशनने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

रविवारच का? साहेबाचा वार म्हणून, असं अनेकांना वाटतं. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरंच. पण घाटावरून आलेल्या कामगाराच्या घरी रविवार हा खंडोबाचा वारही होता. त्या दिवशी देवाचं करायचं, पोरांकडे पाहायचं, गावाकडची पत्रं लिहून घ्यायची, वाचून घ्यायची.

याच काळात केंद्र सरकारने १८९० चा कारखाना आयोग नेमला होता. त्याच्या मुंबईतल्या कामात कामगारांच्या बाजूने लोखंड्यांना सहभागी करून घेतलं गेलं. त्यातून आला १८९१ चा कायदा. नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास, स्त्रियांना अकरा तास, सगळ्यांना आठवड्यातून एक सुट्टी आणि मध्ये अर्धा तास विश्रांती. शंभराचा आकडा पन्नासवर आला. मोठ्या माणसाच्या विश्रांतीबद्दल कायद्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले.

## "हे तर मँचेस्टरचं कारस्थान होतं"

हा त्या काळातला सर्वांत जड आक्षेप आणि तो पूर्ण खोटाही नव्हता. मुंबईची गिरणी इंग्लंडातल्या मँचेस्टर-लँकेशायर भागाच्या कापडाला टक्कर देऊ लागली होती. तिथले मालक लंडनमध्ये ओरड करत होते की हिंदुस्थानात स्वस्तात राबवून घेतात, तिथेही कारखाना कायदा लावा. त्यांना इथल्या कामगाराचा कळवळा नव्हता, आपल्या नफ्याची काळजी होती. म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'सकट अनेक राष्ट्रीय पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. देशी उद्योग आताशी रांगतोय, त्याच्या पायात बेडी नको, असा त्यांचा युक्तिवाद होता.

लोखंड्यांची बाजू समजून घ्यायला फार अर्थशास्त्र लागत नाही. लँकेशायरचा हेतू मतलबी आहे म्हणून सात वर्षांच्या पोराचं साच्यापुढे उभं राहणं योग्य ठरत नाही. परक्याला आपल्या घरातली घाण दिसली तर ती साफ करायची, तो का पाहतोय यावर भांडत बसायचं नाही. देश स्वतंत्र व्हावा की नाही हा प्रश्न होताच. पण देशी मालकाने देशी कामगाराला किती तास राबवायचं, हा प्रश्न स्वराज्य येईपर्यंत थांबवून ठेवायला ते तयार नव्हते. आणि १८९१ च्या कायद्याने मुंबईच्या गिरण्या बुडाल्या नाहीत. त्यानंतरही त्या वाढत राहिल्या.

आजही तासांबद्दल बोललं की उद्योग दुसऱ्या राज्यात जाईल असं सांगितलं जातं. ती भीती तपासून पाहावी, पण ती ऐकताक्षणी गप्प बसू नये.

## "सभासद नाहीत, वर्गणी नाही, ही कसली युनियन?"

१८९२ च्या सरकारी अहवालात असं नोंदवलं आहे की मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे फक्त येईल त्या गिरणी कामगाराला सल्ला देणारे स्वयंसेवक आहेत. नंतरच्या अनेक अभ्यासकांनीही याच कारणाने तिला खरी कामगार संघटना मानलेलं नाही. दुसरा आक्षेप असा की त्यांनी संप केला नाही, अर्जविनंत्या केल्या.

नोंद खरी आहे. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. पण युनियनला कायदेशीर मान्यता देणारा कायदा आला १९२६ मध्ये. १८८४ मध्ये यादी करून नावं लिहिली असती तर ती यादी पहिल्यांदा जॉबरच्या हातात पडली असती. ज्या काळात मोठ्या माणसाच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल एकही कलम नव्हतं, त्या काळात साडेपाच हजार माणसांनी कागदावर सही किंवा अंगठा करणं हीच जोखीम होती. आणि सल्ला देणारा माणूस ही छोटी गोष्ट नाही. पीएफ अडकला, अपघाताचे कागद बनवायचे आहेत, कंत्राटदार पळाला, अशा वेळी कामगाराला पहिल्यांदा ऐकून घेणारा आणि लिहून देणारा माणूस लागतो. भाषण करणारा नंतर.

लोखंड्यांना पुढे सरकारने रावबहादूर हा किताब दिला, याबद्दलही कुणी नाक मुरडतं. किताबामागचं एक मोठं कारण १८९३ चं होतं. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा झाला, गिरणगावही पेटलं, आणि लोखंड्यांनी राणीच्या बागेत दोन्हीकडच्या लोकांची एकोप्याची मोठी सभा भरवली. एकाच खात्यात शेजारी-शेजारी काम करणारी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली तर कामगार म्हणून त्यांच्याजवळ काही उरत नाही, हे त्यांना पुरतं उमगलेलं होतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला, त्याच मांडवीत जिथे त्यांनी नोकरी केली होती. लाखो लोक मुंबई सोडून गेले. लोखंडे थांबले, रुग्णांसाठी दवाखाना उभारला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्या आतलं. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, त्याच रोगाने.

## मग आठ तास कधी आले?

लोखंड्यांच्या नंतर, आणि हप्त्याहप्त्याने. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना पहिल्यांदा दिवसाला बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२२ मध्ये दिवसाला अकरा, आठवड्याला साठ. १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीस, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात सरासरी आठ तास. त्या वेळच्या घडामोडींत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने हेच आकडे पक्के केले आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. १८८४ च्या अर्जातला तो अर्धा तास.

म्हणजे बारा तासांचा दिवस हा १९११ चा आकडा आहे. तेव्हा तो कामगारांसाठी पुढचं पाऊल होता.

## आजच्या बारा तासांचा हिशोब

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे. राज्याच्या प्रस्तावित दुरुस्तीत आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. बदलतो तो एका दिवसाचा कमाल आकडा. म्हणजे बारा तासांचे चार दिवस केले तर अठ्ठेचाळीस भरतात आणि पुढचे तीन दिवस मोकळे राहायला हवेत. चार दिवसांवर पाचवा दिवस लावला तर तो सगळा ओटी, दुप्पट दराने, आणि कामगाराच्या लेखी संमतीने.

सहा दिवस बारा-बारा तास कायमचे लावता येतील का? नाही. हिशोब साधा आहे. बारा गुणिले सहा म्हणजे बहात्तर, त्यातले चोवीस ओटीचे. तिमाहीत साधारण तेरा आठवडे, म्हणजे तीनशे बारा तास ओटी. प्रस्तावित कमाल मर्यादा आहे तिमाहीला १४४ तास, आधी ती ११५ होती. ती तेरा आठवड्यांत वाटली तर आठवड्याला अकरा तास पडतात. सिक्युरिटीत, गोदामांत आणि छोट्या युनिटांत आजही राजरोस चालणारी सहा-सात दिवसांची बारा तासांची ड्युटी नव्या आकड्यांतही बसत नाही. सुपरवायझरने 'आता कायदाच तसा आहे' म्हटलं तर हा गुणाकार त्याच्यापुढे मांडा.

पण अठ्ठेचाळीस आणि अकरा मिळून एकोणसाठ होतात, आणि १९२२ ची मर्यादा साठची होती. हे मला टोचतं. संमती लेखी हवी हे चांगलं, पण कंत्राटावरच्या, सहा महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या मुलाची संमती किती मोकळी असते, हे मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे. कोरा फॉर्म जॉइनिंगच्या दिवशीच सही करून घेतलेला असतो. अशा फॉर्मवर तारीख आणि तास भरल्याशिवाय सही करू नका, आणि सही केलीत तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विश्रांतीचंही पाहा. पाच तासांनंतरचा ब्रेक सहा तासांनंतर नेण्याचं यात आहे. शिवाय 'स्प्रेड ओव्हर' नावाची एक मोजणी असते. फाटकात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा, विश्रांतीसकटचा वेळ. तो साडेदहा तासांचा बारावर जातो. बदलापूरहून येणारा माणूस ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवर ट्रान्स-हार्बर पकडतो आणि रबाळ्याला पोचतो. जाऊन-येऊन तीन तास. बारात तीन मिळवा. उरलेल्या नऊ तासांत झोप, जेवण, पाणी भरणं आणि मुलांचा अभ्यास बसवायचा. बाईमाणूस असेल तर स्वयंपाकही. गिरणगावातला कामगार निदान गिरणीच्या हाकेच्या अंतरावर राहत होता.

तीन दिवस सलग सुट्टी मिळणार असेल तर काहींना हे आवडेल. गावी शेती असलेले, रात्रीचा कोर्स करणारे, त्यांच्या बाजूने विचार केला तर वाईट नाही. माझा आग्रह एवढाच की तीन दिवस मोकळे आधी वेळापत्रकात लिहून, नोटीस बोर्डावर लागलेले दिसावेत. बारा तास मान्य करायचे ते त्यानंतर. कामाच्या वेळांचा तक्ता लावणं कारखान्यावर बंधनकारक आहे, आणि तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

## कायदा लागू कुणाला? आकड्याकडे लक्ष असू द्या

बातम्यांत तासांची चर्चा होते, पण कायदा किती माणसांच्या जागेला लागू होतो हा आकडा तितकाच मोठा असतो. १८८१ मध्ये तो शंभर होता, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस, १९४८ मध्ये यंत्रशक्ती असेल तर दहा. साठ-सत्तर वर्षांत तो सतत खाली आला, म्हणजे संरक्षणाखाली येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्याच्या व्याख्येतला हा आकडा वर गेला. यंत्रशक्ती असेल तर वीस, नसेल तर चाळीस. दहा माणसांच्या आस्थापनेला संहितेतल्या अनेक तरतुदी लागू राहतात, पण 'कारखाना' म्हणून जी तपासणी आणि बंधनं येतात, त्यांच्या बाहेर बरीच छोटी युनिट्स जातात. वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत एका गाळ्यात बारा-पंधरा माणसं आणि दोन प्रेस मशीन असं दृश्य किती सामान्य आहे, हे ठाणेकरांना सांगायला नको. बोटं जातात ती बहुतेक अशाच ठिकाणी.

आणि ज्यांना गाळाही नाही त्यांचं काय? घोडबंदर रोडला, ऐरोलीत, वाशीत पिशव्या पाठीला लावून दुचाकीवर फिरणारी मुलं. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना पहिल्यांदा नाव दिलं, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच, त्यांच्या सुरक्षा निधीत भरायचे आहेत. अपघात विमा, आरोग्य यांसारख्या योजना त्यातून व्हायच्या आहेत. म्हणजे लोखंड्यांच्या पाचव्या मागणीच्या जवळ जाणारं काहीतरी. पहिल्या तीन मागण्या, आठवड्याचा पूर्ण दिवस, दुपारचा अर्धा तास आणि दिवसाची ठरलेली सुरुवात-शेवट, यांच्याबद्दल त्या संहितेत या मुलांसाठी काहीही नाही. सुट्टी घेतली की त्यांची कमाई बंद आणि सलग आठवडा चालवला तर इन्सेंटिव्ह, अशी ती रचना आहे.